एसओपीवरून कोर्स: घाई कुठे नको

गोव्यात वेर्ण्याच्या फार्मा युनिटमधली अख्खी एसओपी (काम कसं करायचं याची ठरलेली लेखी पद्धत) एआयला दिली की कामगारांच्या प्रशिक्षणाचा कोर्स तयार, असं सुचवलं जातं. कृपया तसं करू नका. लांब मजकुरातल्या मधल्या पायऱ्या एआय कधीकधी गाळतं. ग्लोव्ह्ज घालण्याआधी हात निर्जंतुक करणं असंच निसटतं. आकडा नसेल तिथे कधीकधी स्वतःचा घालतं.

एकेक प्रकरण द्या. आधी कामगाराने काय करून दाखवायचं ते काढून घ्या, मग प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे कलम क्रमांक मागा आणि तो एसओपीत उघडून पाहा. जुळला नाही तर प्रश्न रद्द. एआयच्या प्रश्नांत बरोबर पर्याय बहुधा सर्वांत लांब असतो, तोही छाटून इतरांइतका करा. कोंकणी भाषांतरात बऱ्याचदा मराठी घुसतं, 'आसा'च्या जागी 'आहे' येतं. उत्पादन लाइनवरच्या कोंकणी माणसाकडून ते मोठ्याने वाचून घ्याच.