रॅम शिल्लक असताना ‘विंडो हँडल तयार करताना त्रुटी’ का येते?

प्रश्न

नमस्कार. एका औषध दुकानासाठी मी सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिला आहे. सकाळी तो सुरळीत चालतो, पण दोन-सव्वादोनशे बिले झाली की वरील आशयाचा संदेश देऊन बंद पडतो. रॅमचा वापर फारसा वाढलेला दिसत नाही. नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर असताना ही गळती होते कशी, आणि शोधायची कुठून?

उत्तर १

गार्बेज कलेक्टर डॉट नेटच्या, म्हणजे सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या व्यवस्थेच्या, वस्तूंची मेमरी सांभाळतो. विंडोजकडून घेतलेली हँडल (खिडकी, बटण अशा गोष्टींना विंडोज देते ते ओळखक्रमांक) किती उरली आहेत, याचा त्याला पत्ता नसतो. एका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) यूजर ऑब्जेक्ट (खिडक्या, बटणे, मेनू) आणि जीडीआय ऑब्जेक्ट (फॉन्ट, ब्रश अशी रेखाटनाची साधने) प्रत्येकी १०,००० इतकेच मिळतात, आणि ही मूळ मर्यादा संपली की रॅम कितीही मोकळी असली तरी नवी खिडकी उघडत नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये हे दोन्ही स्तंभ जोडा, एकच कृती पुन्हा पुन्हा करा आणि प्रत्येक वेळी कोणता आकडा किती वाढतो ते लिहून ठेवा. तो वाढीचा आकडाच बहुधा दोषाची जागा दाखवतो.

प्रश्नकर्ता

प्रत्येक बिलामागे यूजर ऑब्जेक्ट नेमके ४२ ने वाढतात. नेहमीच्या औषधांची ४२ बटणे असलेले पॅनेल मी प्रत्येक बिलानंतर ‘कंट्रोल्स.क्लिअर’ने रिकामे करून पुन्हा भरतो.

उत्तर १

दोष तिथेच आहे. ‘क्लिअर’ बटणांना पॅनेलमधून बाहेर काढते, पण त्यांची हँडल परत करत नाही. त्यासाठी प्रत्येक बटणावर ‘डिस्पोज’ बोलवावे लागते.

प्रश्नकर्ता

‘क्लिअर’च्या आधी ‘फॉरईच’ (यादीतील वस्तू एकेक करून घेणारी आज्ञा) लावून सर्वांवर ‘डिस्पोज’ बोलवले. आता वाढ २१ ची आहे, म्हणजे निम्मी बटणे अजूनही सुटतात.

उत्तर २

‘डिस्पोज’ झालेले बटण पॅनेलच्या यादीतून स्वतःच बाहेर पडते, त्यामुळे मागची सर्व बटणे एकेक जागा पुढे सरकतात आणि ‘फॉरईच’ एकाआड एक बटण ओलांडून जातो. यादी शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवा, किंवा ती रिकामी होईपर्यंत दरवेळी पहिले बटण ‘डिस्पोज’ करा. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदीतून) यूजर ऑब्जेक्टची मर्यादा १८,००० पर्यंत वाढवता येते, पण कृपया तसे करू नका; गळती तशीच राहील आणि प्रोग्रॅम दुपारऐवजी रात्री पडेल. खरे तर ही ४२ बटणे एकदाच तयार करून केवळ त्यांवरील मजकूर बदलणे मला अधिक योग्य वाटते.

प्रश्नकर्ता

मजकूर बदलण्याचा मार्ग स्वीकारला. तीनशे चाचणी बिलांनंतर वाढ फक्त ग्राहकाचा तपशील विचारणारी खिडकी उघडल्यावरच दिसते.

उत्तर २

ती ‘शोडायलॉग’ने उघडत असाल, तर बंद केल्यावर ती केवळ लपते. तिला ‘यूझिंग’च्या कंसात घ्या, म्हणजे काम संपताच तिच्यावर ‘डिस्पोज’ आपोआप बोलवले जाईल.