टायटल ब्लॉक आणि स्केल: चौकट लेआउटमध्येच ठेवा

ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढताना टायटल ब्लॉक (शीटची चौकट आणि नाव-स्केलचे रकाने) मॉडेलमध्येच, म्हणजे रेखाटनाच्या जागेत, शंभरपट मोठा करून ठेवावा, असं काही जण सुचवतात. माझा आग्रह उलट आहे. घर मॉडेलमध्ये खऱ्या मापात काढा. चौकट लेआउटमध्ये, म्हणजे छापायच्या शीटच्या पानावर, कागदाच्या मापात. ए१ म्हणजे ५९४ × ८४१ मिमी, तेवढीच. मग व्ह्यूपोर्टला (लेआउटमधून मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीला) १:१०० द्या आणि लगेच लॉक करा. लॉक करायचं राहिलं की झूम करताना स्केल हमखास बिघडतं. त्याच शीटवर जिन्याचा तपशील १:२० ला हवा असेल तर दुसरा व्ह्यूपोर्ट घ्या, चौकटीला हात लावावा लागत नाही.

खरा घोळ प्रिंटच्या वेळी होतो. पाथर्डी फाट्याजवळच्या एका बंगल्याचं ए१ शीट दुकानात 'फिट टू पेपर' (कागदात मावेल असं लहान) करून ए३ वर निघालं. चौकटीत १:१००च छापलेलं, प्रत्यक्षात झालं १:२००. ३.६० मीटरची खोली कागदावर ३६ मिमी दिसायला हवी, ती १८ भरली. मिस्त्रींनी पट्टी लावली आणि विचारलं, "साहेब, खोली सहा फुटांचीच का?" बरं झालं, आखणीआधी विचारलं.

तेव्हापासून स्केलच्या रकान्यात '१:१०० @ ए१' असं कागदासकट लिहितो आणि शेजारी आलेखी पट्टी (मीटरच्या खुणा केलेली रेघ) काढतो. कागद लहान झाला की तीही त्याच प्रमाणात लहान होते, म्हणून तिच्यावरून माप बरोबरच निघतं. अक्षरं कागदावर किमान २.५ मिमी ठेवा, साइटवर उन्हात वाचायची असतात. आणि मापं फुटातही द्या, आपल्याकडचे गवंडी अजून फुटातच बोलतात.