मदत हवी आहे : लातूरचा शिकाऊ परवाना, पक्क्या परवान्याची चाचणी पुण्यात देता येईल का?

नमस्कार. माझ्या मुलीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली असून ती शिक्षणासाठी लातूरहून पुण्याला राहायला गेली आहे. जाण्यापूर्वी तिने परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने घरूनच परीक्षा देऊन गिअरच्या दुचाकीचा शिकाऊ परवाना काढला, त्यामुळे त्यावर लातूरचाच पत्ता आला. हा परवाना 6 महिनेच चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. ते 30 दिवस केव्हाच उलटले आहेत.

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अर्जदाराला राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, असे मी वाचले आहे. प्रत्यक्षात मात्र पुण्याच्या आरटीओच्या खिडकीवर तिला "पत्ता जिथला, चाचणी तिथेच" एवढेच सांगून परत पाठवले. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत ती तिथे गेली होती आणि फोनवर तिचा आवाज अगदी पडलेला होता.

आपल्यापैकी कोणी अलीकडे असा अर्ज केला असल्यास, पुण्याचा पत्ता म्हणून भाडेकरार किंवा वसतिगृहाचा दाखला स्वीकारला गेला का, की आधी आधारवरील पत्ताच बदलावा लागला, हे कृपया कळवावे. शिवाय चाचणीसाठी आठच्या आकड्यात गाडी फिरवताना तिचा पाय अजूनही वळणावर जमिनीला टेकतो. त्यासाठी सराव कसा करावा, हेही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार उपकार होतील.