नाटकातील पात्राच्या तोंडच्या शिव्या उच्चारणे ख्रिस्ती कलावंतासाठी पाप ठरते का? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी मूळची नगर जिल्ह्यातील, प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेली असून गेली आठ वर्षे पुण्यात नोकरी सांभाळून हौशी रंगभूमीवर काम करते. यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमची संस्था एक दोन अंकी नाटक बसवत आहे आणि त्यात हातभट्टीचा गुत्ता चालवणाऱ्या एका बाईची मध्यवर्ती भूमिका माझ्याकडे आली आहे. दुसऱ्या अंकात तिचा मुलगा दारूनेच मरतो, आणि उधारी मागायला आलेल्या माणसांना ती उंबरठ्यावर उभी राहून जवळजवळ दीड पान शिव्या घालते. या बाईला रडता येत नाही, त्यामुळे त्या शिव्या काढल्या तर तिचे दुःखच मुके होते, हे मला पहिल्या वाचनातच पटले. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले आहे, म्हणजे कायद्याचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न माझ्या विवेकबुद्धीचा आहे.

माझे वडील आमच्या मंडळीत वडीलपदावर (एल्डर) आहेत. मी त्यांना भूमिकेविषयी सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त बायबलमधील इफिसकरांस पत्रातील ४:२९ वाच, एवढेच म्हणाले. विश्वासणाऱ्याच्या मुखातून ‘कुजके भाषण’ निघू नये, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे, आणि कलस्सैकरांस ३:८ मध्येही शिवीगाळ दूर करण्याची आज्ञा आहे. ‘नाटक करताना वगळून’ अशी सवलत मला कोठेही सापडली नाही.

तरीही काही गोष्टी मनातून जात नाहीत. शौल राजा रागाच्या भरात आपला मुलगा योनाथान याला त्याच्या आईवरून जे बोलतो (१ शमुवेल २०:३०), ती शिवीच आहे, आणि ती आपण उपासनेत मोठ्याने वाचतो. आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तरुण संघ दरवर्षी येशूच्या दुःखसहनाचा प्रसंग सादर करतो. त्यात कोणीतरी येशूचा शिष्य पेत्र होऊन, येशूला ओळखतच नाही असे सांगत, शेकोटीपाशी शापोच्चार करतो, आणि एके वर्षी तर खुद्द माझ्या वडिलांनी प्रभूची निंदा करणाऱ्या चोराची भूमिका केली होती. त्या रात्री त्यांना कोणीही पश्चात्ताप करायला सांगितले नाही, उलट आवाज चांगला लागला म्हणून शाबासकी मिळाली.

एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातलीही असती. परंतु मागच्या आठवड्यात चौकात एका रिक्षावाल्याने माझ्या स्कूटरला घासून रिक्षा काढली आणि माझ्या तोंडून त्या गुत्तेवालीची शिवी निघाली, तीही तालमीतल्याच सुरात. त्या माणसाने मागे वळून पाहिले. पात्र तेथे नव्हते, मीच होते. तेव्हापासून मला झोप नीट लागलेली नाही. पात्राचे शब्द उच्चारणे हे माझे पाप ठरते का, आणि ठरत नसेल तर त्या शब्दांची जी सवय जिभेला लागते तिचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षक, काही वर्षे बायबल अभ्यासवर्ग घेतले आहेत)

ताई, आपल्या वडिलांनी दाखवलेले वचन योग्यच आहे, मात्र ते एकटे वाचू नये. ‘कुजके’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द मत्तय १३:४८ मध्ये जाळ्यातून फेकून दिलेल्या टाकाऊ माशांसाठी आला आहे. इफिसकरांस पत्राच्या त्या चौथ्या अध्यायात मागेपुढे राग, कटुता, निंदा आणि शेजाऱ्याशी खरे बोलणे यांचा विषय चालला आहे. म्हणजे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या डोळ्यांसमोर एका माणसाने दुसऱ्या खऱ्याखुऱ्या माणसाशी केलेले बोलणे आहे. या कसोटीवर आपला रिक्षावाला त्या वचनाच्या कक्षेत येतो. रंगमंचावरचे उधारीवाले येत नाहीत, कारण पडदा पडल्यावर तेच सहकलाकार आपल्याबरोबर चहा पितात.

मंडळीने नाटकाला विरोध केला तो मुख्यतः शिव्यांसाठी नव्हता, हेही लक्षात घ्यावे. इ.स. २००च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांना खेळ-तमाशे पाहण्यासच मनाई केली, कारण त्यांचे मूळ त्याला मूर्तिपूजेत दिसत होते. ३१४ साली आर्लच्या धर्मसभेने नट जोवर नटाचा धंदा करतो तोवर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, असे ठरवले. फ्रान्समध्ये १६७३ साली नाटककार आणि नट मोलियेर वारला, तेव्हा राजाने मध्यस्थी केल्यावरच त्याला रात्रीच्या वेळी पुरता आले. या परंपरेचा आधार घेऊन आपल्याला शिव्या गाळायला सांगणाऱ्याने प्रामाणिकपणे आपल्याला नाटकच सोडायला सांगितले पाहिजे, आणि मग त्याच न्यायाने उत्तम शुक्रवारचे सादरीकरणही बंद करायला हवे.

इंग्लंडमध्ये मात्र १६०६ साली एक वेगळा कायदा झाला. नाटकात देवाचे, ख्रिस्ताचे, पवित्र आत्म्याचे किंवा त्रैक्याचे नाव थट्टेने घेतले तर १० पौंड दंड, असा तो होता. दहा आज्ञांपैकी तिसरीशी, म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये या आज्ञेशी, त्याचा सरळ संबंध आहे. मला स्वतःला हीच सीमारेषा योग्य वाटते, आणि गंमत म्हणजे तीच आपण सर्वांत सहज ओलांडतो. आईवरून दिलेली शिवी ऐकून दचकणारी आपली मुले दिवसातून वीस वेळा ‘ओ माय गॉड’ म्हणतात आणि त्यांना कोणी टोकत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहे, पण मला तो पटला नाही. एकाच मुखातून स्तुती आणि शाप निघू नयेत, असे याकोब ३:१० सांगतो, आणि मुखाला रंगमंच व चौक यांतील फरक कळत नाही, हे धागाकर्तीच्याच अनुभवाने सिद्ध झाले आहे. विश्वासाने जे केलेले नाही ते पाप आहे (रोम. १४:२३). मनात शंका असताना भूमिका करू नये. भूमिका पुन्हा मिळेल.

प्रतिसाद ३ (वसई, कॅथलिक, पंधरा वर्षे दिग्दर्शन)

आमच्याकडे कोणतेही कृत्य तीन अंगांनी तपासायला शिकवतात: प्रत्यक्ष कृती, हेतू आणि परिस्थिती. दुःख बोलते करण्यासाठी उच्चारलेली शिवी आणि प्रेक्षकांचा स्वस्त हशा मिळवण्यासाठी पेरलेली शिवी यांत हेतूचा फरक आहे, आणि तो नटाला पहिल्याच तालमीत कळतो. आपण संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक शिवीला विचारा की ती कोणासाठी आहे.

जातीवरून दिलेल्या शिवीचा विचार मात्र वेगळा करावा. नगर भागातील कितीतरी ख्रिस्ती घराणी एकोणिसाव्या शतकात महार-मांग समाजातून मंडळीत आली, हे आपल्याला सांगायला नको. आईवरून दिलेली शिवी रंगमंचावर काल्पनिक उधारीवाल्याला लागते. जातीची शिवी मात्र तिसऱ्या रांगेत बसलेल्या खऱ्या माणसाला लागते. ती पात्राच्या तोंडी असावीच लागेल अशीही नाटके असतात, पण तेव्हा नाटकाने तिचा हिशेब चुकता केला पाहिजे.

सवयीबद्दल एक व्यवहारी उपाय सांगतो. आमच्या संस्थेत रंगीत तालमीपर्यंत खरी शिवी उच्चारत नाहीत, तिच्या जागी भाजीचे नाव घेतात. ‘अरे दोडक्या’ हेही मनापासून ओरडता आले, तर राग आपला झाला असे समजायचे. महिनाभर दोडका जिभेवर राहिला, तर चौकातही दोडकाच निघतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद २ मधील इशारा मी हलका मानलेला नाही आणि दोन दिवस भूमिका सोडण्याच्याच विचारात होते. शेवटी पेन्सिल घेऊन ते दीड पान पुन्हा वाचले. त्यात एकूण अकरा शिव्या आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी ती बाई शेजारच्या ख्रिस्ती नर्सला चिडवण्यासाठी येशूचे नाव घेते, आणि तेथे फक्त हशा अपेक्षित आहे. दुसऱ्या एका ठिकाणी जातीचा उल्लेख आहे आणि नाटक त्याकडे पुन्हा वळूनही पाहत नाही. ही दोन वाक्ये मी उच्चारणार नाही, असे दिग्दर्शकांना सांगितले. दुसरे त्यांनी लगेच काढले. पहिल्यासाठी तासभर वाद झाला आणि मग तेही गेले. उरलेल्या नऊ शिव्या मी म्हणणार आहे. तालमीत सध्या दोडका आणि पडवळ चालू आहेत.

त्या चौकातल्या थांब्यावर दोनदा जाऊन आले, पण तो रिक्षावाला भेटला नाही. त्याची क्षमा मागायची राहिली आहे.

आता एकच अडचण उरली आहे. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, आपल्या मोकळीकीमुळे दुसऱ्याला अडखळण होऊ नये, असे पौल सांगतो. माझे वडील काही दुर्बळ विश्वासाचे नाहीत, पण त्यांच्यासोबत नाटक पाहायला मंडळीतील आणखी पाचसहा जण नक्की येतील. वडिलांना ते दीड पान आधीच वाचायला द्यावे, की थेट प्रयोगाला बोलवावे? ज्यांनी घरातील ज्येष्ठांसमोर अशी भूमिका केली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.