वैमानिकाला प्रश्न विचारताना हौशी माणसाने काय पथ्य पाळावे?

आकाशवेडा:
मी विमानक्षेत्रात नोकरीला नाही. बरीच वर्षे विमाने पाहतो, घरच्या सिम्युलेटरवर उडवतो आणि गच्चीवर छोटा अँटेना लावून विमानांकडून येणारे संदेश टिपतो. गेल्या आठवड्यात उतरायला आलेले एक विमान धावपट्टीपासून ४ सागरी मैलांवर असताना माझ्या नोंदीत १,००० फुटांवर दिसले. विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि ३ अंशांच्या उताराने येणारे विमान तिथे सुमारे १,३०० फुटांवर असायला हवे, म्हणून मी आलेखासह लिहिले की वैमानिकाने विमान धोकादायक रीतीने खाली आणले. त्यावर एका वैमानिकाने ‘घरी बसून खेळणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये’ एवढेच उत्तर दिले. चूक काय झाली ते मला अजून कळलेले नाही. अशा वेळी कसे विचारावे?

डावी खुर्ची:
आधी चूक सांगतो, कारण ती त्या वैमानिकानेच सांगायला हवी होती. विमानातला ट्रान्सपॉन्डर (आपोआप संदेश पाठवणारे यंत्र) पाठवतो ती उंची १०१३ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून मोजलेली असते, त्या दिवसाचा स्थानिक दाब धरून नव्हे. त्या वेळी तिथला दाब १०२४ असेल, तर दर हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट या हिशेबाने तुमच्या नोंदीत विमान खऱ्या उंचीपेक्षा सुमारे ३०० फूट खाली दिसणार. त्या वेळचा हवामान अहवाल काढून पाहा. माझा अंदाज आहे की विमान उतारावर अगदी बरोबर होते.

आता पथ्याचे. तुमचा आलेख कोणालाच खुपला नसता, ‘वैमानिकाने’ हा शब्द खुपला. बाहेरून पाहणाऱ्याच्या हाती निर्णयाची वेळ नसते, फक्त निकाल असतो. २००९ साली पक्षी आदळून दोन्ही इंजिनांचा जोर गेल्यावर न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या ए३२० विमानाच्या चौकशीत सिम्युलेटरवर चाचण्या झाल्या. पक्षी आदळताच वळवले तर विमान धावपट्टी गाठू शकते, असे त्यांतल्या काहींमध्ये दिसले. पण काय घडले हे समजून घेऊन ठरवायला ३५ सेकंद लागतील असे धरल्यावर परत फिरण्याचा प्रयत्न फसला. आम्हा वैमानिकांचा संताप बहुतेक वेळा या ३५ सेकंदांसाठी असतो. तरीही तुम्हाला मिळालेले उत्तर उद्धटपणाचेच होते, आणि ‘मी वैमानिक आहे’ हे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर होत नाही.

हँगरवासी:
मी देखभाल अभियंता आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. अपघात झाला की हौशी मंडळी आम्हाला ‘आतली बातमी’ विचारतात आणि आम्ही गप्प राहिलो की लपवाछपवीचा आरोप होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष कोणाच्या माथी मारणे हा नव्हे. प्राथमिक अहवालासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलेले असते. चौकशीत सहभागी असलेला माणूस बोलला तर त्याची नोकरी जाऊ शकते, आणि सहभागी नसलेला माणूस बहुधा तुमच्याइतकाच अंदाज करत असतो. (दुसऱ्या प्रकारातले लोक जास्त बोलतात, हा माझा अनुभव.) त्यामुळे अशा वेळी विमानाची यंत्रणा कशी चालते हे विचारा, त्या दिवशी काय झाले हे विचारू नका.

आणि हेही मान्य करतो की, एखादे विमान पूर्वी कोणाकडे होते, कोणत्या साली त्याचे इंजिन बदलले, हे मला हौशी लोकांनी अनेकदा अचूक सांगितले आहे. एका प्रकारच्या विमानावर आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराचे ज्ञान असतेच असे नाही.

ढगफोड्या:
मीही हौशीच. आपली माहिती कुठून आली हे मी पहिल्याच वाक्यात लिहितो: सिम्युलेटर, पुस्तक की स्वतःची नोंद. समोरच्याला उत्तर कुठून सुरू करायचे ते कळते आणि आपल्याला न शोभणारा अधिकारवाणीचा सूरही आपोआप उतरतो.

आकाशवेडा:
हवामान अहवाल पाहिला. दाब १०२४ नव्हे, १०२३ होता. हिशेब २७० फुटांचा निघतो आणि उरलेला फरक माझ्या अंतराच्या मोजणीत बसतो. मूळ लेखनातला आरोप काढून तिथे ‘नोंदीतली उंची खऱ्या उंचीपेक्षा कमी का दिसते?’ असा प्रश्न ठेवला आहे, आणि त्या वैमानिकांनाही तसे कळवले आहे.