मुलांचे लहान झालेले कपडे आणि वस्तू विकताना काय तपासावे?

निशिगंध (प्रश्न):

माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे. पहिल्या दोन वर्षांतले त्याचे कपडे मी मापाप्रमाणे खोक्यांत भरून ठेवले होते; त्यांतली काही झबली तर जेमतेम चार-पाच वेळा त्याच्या अंगात गेली असतील. मागच्या आठवड्यात ती खोकी उघडली, तेव्हा धुऊन-वाळवून, पांढरेशुभ्र असताना घडी घातलेल्या कपड्यांच्या गळ्याशी पिवळे डाग उमटलेले दिसले आणि मन खट्टू झाले. पैसे मोजून घेणारा माणूस ती वस्तू खरोखर वापरतो, असे वाटत असल्यामुळे मला हे सगळे फुकट वाटण्याऐवजी विकायचे आहे. परंतु डाग पडलेल्या कपड्यांचे पैसे घेणे योग्य ठरेल का? बाबागाडी, लाकडी पलंग आणि मोटारीतले बाळाचे आसन हेही विकता येईल का? आणि अशा विक्रीने पर्यावरणाचे खरोखर काही भले होते का, हेही अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

टाकाटिपण:

ते डाग खोक्यात पडलेले नाहीत, ते आधीपासूनच कपड्यात होते. बाळाने ओकलेल्या दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश धुतल्यानंतरही धाग्यांत थोडे उरतात, त्या वेळी ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि काही महिने हवेशी संयोग होत राहिला की पिवळे पडतात. कपडे आधी थंड पाण्यात भिजवावेत, कारण सुरुवातीलाच गरम पाणी वापरले तर प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. त्यानंतर सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढण्याची पावडर कोमट पाण्यात विरघळवून सुती कपडे त्यात काही तास ठेवावेत आणि उन्हात वाळवावेत. लोकर आणि रेशीम यांना मात्र ही पावडर लावू नये.

डागांपेक्षा मला कमरेच्या इलॅस्टिकची अधिक काळजी वाटते. ते कानाजवळ धरून ताणून पाहावे; बारीक करकर ऐकू आली आणि सोडल्यावर ते पूर्ववत आखडले नाही, तर आतले रबर संपले असे समजावे. ते बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि तेवढ्याने चड्डी पुन्हा एका मुलाच्या उपयोगी पडते. टिचबटणेही एकेक करून ओढून पाहावीत, कारण सैल झालेले बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकते. टोपीच्या जाकिटांच्या गळ्यातल्या नाड्या तर काढूनच टाकाव्यात. अशा नाड्या घसरगुंडीत आणि वाहनांच्या दारांत अडकून मुले दगावल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 मध्येच त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या.

दुसरा_हात:

पर्यावरणाविषयी माझे मत थोडे कडक आहे. सुती टी-शर्ट तयार होण्यासाठी सुमारे 2,700 लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. बाळाचा शर्ट लहान असल्याने त्याला कमी लागेल हे खरे, पण बाळ पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटिमीटर वाढते आणि त्याचे वजन जन्माच्या तिप्पट होते, त्यामुळे तो शर्ट दोन-तीन महिन्यांतच निरुपयोगी ठरतो. जुन्या कपड्यांपासून पुन्हा कापड बनते म्हणावे, तर 2017 च्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या अहवालानुसार जगात कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी 1 टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. म्हणून आहे तो कपडा आहे त्याच रूपात दुसऱ्या मुलाच्या अंगावर जाणे, याला तोड नाही.

मात्र घेणाऱ्याने त्यामुळे एक नवा कपडा घेण्याचे टाळले, तरच हा लाभ खरा. पहिल्या मुलीच्या वेळी कपडे विकून आलेले पैसे मी लगेच नव्या कपड्यांत घालत होते, आणि पुढे विकता येईल या भरवशावर गरजेपेक्षा जास्त घेत होते, हे माझ्या बरेच उशिरा लक्षात आले. आता आधी यादी करते, मगच खरेदी.

आणखी एक सांगते. कपडे वर्षानुवर्षे साठवू नका. माप संपले की त्याच हंगामात काढून टाका आणि एकेक न विकता एका मापाचा संच करून विका, म्हणजे पाठवण्याचा खर्च कपड्याच्या किमतीपेक्षा जास्त होत नाही.

चौकट:

बाबागाडीचे ब्रेक, पट्टे आणि घडीचे कुलूप ठीक असेल तर ती अवश्य विका. पण मोटारीतले आसन आणि पलंग यांबाबत घाई करू नका. आसनाच्या खाली किंवा पाठीमागे वापराची शेवटची तारीख कोरलेली असते, ती पाहा. ती उलटून गेली असेल, किंवा आसन एखाद्या मोठ्या अपघातातून गेलेले असेल, तर ते कोणालाही देऊ नये, कारण प्लास्टिकमधली चीर बाहेरून दिसत नाही. पलंगाच्या गजांमधले अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, आणि एक बाजू खाली सरकणारा पलंग असेल तर तो मोडीतच काढावा. बाळे अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत जून 2011 पासून अशा पलंगांच्या विक्रीवर बंदी आहे, आणि ती वापरलेल्या पलंगांनाही लागू आहे. फुकट दिल्याने धोकादायक वस्तू निर्धोक होत नाही, एवढे कृपया ध्यानात घ्यावे.

निशिगंध:

सर्वांचे मनापासून आभार. चौदा झबल्यांपैकी अकरांचे डाग पूर्ण गेले. आसनाची तारीख उलटलेली निघाली, म्हणून कचऱ्यातून उचलून कोणी ते वापरू नये यासाठी त्याचे पट्टे कापून टाकले. उरलेल्या तीन झबल्यांविषयी विक्रीच्या वर्णनात मी असे लिहिले आहे: "सहा ते नऊ महिन्यांचे माप, सुती, सर्व टिचबटणे घट्ट, गळ्याशी दुधाचा फिकट डाग आहे, तो जवळून काढलेल्या छायाचित्रात पाहावा. संचासोबत विनामूल्य."