केअर होममध्ये रात्री खरंच किती माणसं असतात? आईला ठेवण्याआधी मदत हवी आहे

आईला पक्षाघात होऊन ७ महिने झाले. उजवी बाजू गेली आहे, स्वतःहून कूस बदलता येत नाही. मी आणि भाऊ आलटूनपालटून बघतोय, पण आता माझ्याच कंबरेने हात टेकले. (आईला 'तिकडे' टाकू नका हा सल्ला कृपया नको, तो नातेवाइकांकडून भरपूर मिळालाय.)

परवा एक केअर होम पाहून आले. लख्ख फरशी, टीव्हीचा हॉल, बाग. परत निघताना चुकून मागच्या जिन्याकडे वळले तर एक मावशी पायरीवर बसल्याबसल्या झोपलेल्या, हातमोजेही काढले नव्हते. काल सकाळपासून ड्युटीवर आहे, बदली आलीच नाही म्हणाल्या. व्यवस्थापकांना रात्रीचं विचारलं तर, "आमच्याकडे चोवीस तास स्टाफ असतो." असतो खरा. तोच असतो, एवढंच.

अशा ठिकाणी काम केलेलं कुणी आहे का इथे? आत काय चालतं आणि मी नेमकं काय विचारू? मावशींची नोकरी जाईल असं काही करायचं नाहीये.

प्रतिसाद १:
ताई, मी ४ वर्षं नाइट केली आहे. आम्ही दोघी आणि २६ खाटा. त्यातल्या ११ जणांना कूस बदलून द्यावी लागायची. एका माणसाला दोघींनी मिळून वळवायचं, डायपर बदलायचा, पाठ पुसायची, म्हणजे १० मिनिटं धरा. ११ जणांचे जवळजवळ २ तास, आणि सांगितलेलं असायचं दर २ तासांनी. मध्येच कुणी एकटं बाथरूमला उठून पडलं की सगळं कोलमडलं. मग पहाटे ४ला बसून रात्रभराच्या सह्या एकदम करायच्या. मीही केल्यात, खोटं कशाला बोलू.

म्हणून कूस बदलल्याचा तक्ता मागा. सगळ्या वेळा एकाच पेनाने एका दमात लिहिलेल्या दिसल्या की काय ते कळेल. एअर मॅट्रेस आहे म्हणून वळवायची गरज नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आईंची माकडहाडाची जागा आणि टाचा स्वतः बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर बेडसोअरची (सतत एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, हाताला जागा गरम किंवा टणक लागते.

राहणाऱ्यांचा दिवस ड्युटीच्या वेळांवर चालतो. दिवसपाळीला सगळे तयार हवेत म्हणून आम्ही साडेचारला आंघोळी घालायचो. संध्याकाळी पाणीही हात आखडून दिलं जातं, डायपर कमी भिजावेत म्हणून. आई अचानक बरळायला लागल्या तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. पाणी कमी पडलंय किंवा लघवीचा संसर्ग झालाय असंही असू शकतं.

आम्ही राहायचोही तिथेच, एका खोलीत चौघी. ड्युटी संपली तरी बेल वाजली की उठायचं. उचलायचं मशीन होतं, पण बॅटरी कधी चार्ज नसायची. तुमच्या कंबरेचं वाचलं आणि माझी आठवली.

प्रतिसाद २:
जेवणाच्या वेळेला न सांगता जा. माझ्या वडिलांना आडवं ठेवूनच भरवायचे, घास श्वासनलिकेत जायची भीती. पक्षाघातानंतर अनेकांना गिळायला त्रास असतो, ताठ बसवूनच भरवायला हवं. नंतरही अर्धा तास बसवून ठेवा.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. व्यवस्थापकांना फोन केला, तक्ता उद्या दाखवतो म्हणाले. मी आज संध्याकाळीच जेवणाच्या वेळेला जातेय.